रिचर्ड पेटींना भेटायला नेताय? आधी मुलीला क्लच शिकवा

शार्लट, कॅरी, ग्रीन्सबरो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी ही पोस्ट आहे. रविवारी रात्री जागून नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची मालिका, बघणाऱ्या पुण्या-कोल्हापुरातल्या पोरांनीही वाचावी.

नॉर्थ कॅरोलायनात वाढणाऱ्या मुलीला स्टॉक कार रेसिंगचं वेड लागलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्यात काय, नुसतं गोल गोल तर फिरायचं." पुढे तीच मुलगी नॅस्कारचे जुने ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांना भेटायचं म्हणते. मग तेच आईबाबा हौसेने टोपी आणि मार्कर घेतात, गाडी काढतात, रांगेत उभे राहतात, फोटो काढतात आणि परत येतात. मुलीच्या हातात सही असते, पण डोक्यात काही नवीन शिरलेलं नसतं. मला हे वाया घालवणं वाटतं. समोर उभा असलेला माणूस १,१८४ शर्यती धावला आहे, त्यातल्या २०० जिंकला आहे आणि ७ वेळा चॅम्पियन झाला आहे. त्याच्यासमोर मिळालेलं अर्धं मिनिट नुसतं कॅमेऱ्याकडे बघून हसण्यात जाऊ नये.

माझं म्हणणं एवढंच की सही दुय्यम आहे, प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि तो "तुम्हाला कुठली शर्यत सगळ्यात जास्त आवडली?" असा नको. हे त्यांना १९६० सालापासून लोक विचारत आलेत आणि त्यांचं उत्तरही तयार असतं. हाताचं, पायाचं, पान्याचं काहीतरी विचारा. अशा प्रश्नाला जुना ड्रायव्हर थांबतो, क्षणभर आठवतो आणि हातवारे करून सांगायला लागतो.

उदाहरण म्हणून १९७६ ची डेटोना ५००, म्हणजे नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत, घेऊ. पेटी आणि त्यांचा प्रतिस्पर्धी ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सन हे दोघं कारकिर्दीत ६३ वेळा पहिले-दुसरे आले, त्यात ३३ वेळा पिअर्सन पुढे, ३० वेळा पेटी. त्या दिवशी शेवटच्या फेरीत दोघं एकमेकांना खेटून चौथ्या वळणातून बाहेर पडत होते. गाड्या एकमेकींना लागल्या, दोन्ही भिंतीवर आदळल्या आणि गरगरत आतल्या गवतावर गेल्या. पेटींची गाडी शेवटच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर थांबली आणि इंजिन बंद पडलं. पुढचा पत्रा पार चेपलेला होता. पिअर्सनच्या गाडीचीही तीच दशा होती, पण त्याने गाडी फिरत असतानाच क्लच दाबून धरला होता आणि इंजिन रेस करत ठेवलं होतं. म्हणून त्याचं इंजिन जिवंत राहिलं. त्याने पहिला गिअर टाकला आणि सायकलवाल्याने मागे टाकावं इतक्या हळू वेगाने सरपटत रेषा ओलांडली. पिअर्सन पहिला आला, पेटी दुसरे.

आता अमेरिकेत जन्मलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगा. ती विचारेल, "क्लच म्हणजे?" घरातल्या दोन्ही गाड्या ऑटोमॅटिक. तिने कुणाला गिअर टाकताना पाहिलेलंच नाही. इथे मात्र तुमच्यासारखा शिक्षक दुसरा नाही. तुम्ही स्कूटरवर क्लच सोडताना गचके खाल्लेत, खंबाटकीच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली आहे, सिग्नलला गाडी बंद पडून मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या ऐकल्यात. तेच तिला सांगा. इंजिन आणि चाकं गिअरबॉक्समधून जोडलेली असतात. गाडी गरगर फिरून चाकं थांबली किंवा उलटी फिरू लागली की ती इंजिनालाही थांबवतात. क्लच दाबला की हा दुवा तुटतो, मग चाकांचं काहीही होवो, इंजिन आपल्या तालात चालू राहतं. दोन कागदी ताटल्या एकमेकींवर दाबून फिरवल्या की एकीबरोबर दुसरी फिरते, दाब काढला की नाही. हे स्वयंपाकघरात पाच मिनिटांत दाखवता येतं. सुट्टीत भारतात आलात तर बंद मैदानात मामाच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसवून पायांकडे बघायला सांगा.

एवढं कळल्यावर तिचा प्रश्न आपोआप तयार होतो: "मिस्टर पेटी, १९७६ ला गाडी फिरायला लागली तेव्हा क्लच दाबायला वेळ मिळाला का?" हरलेल्या शर्यतीबद्दल विचारायला संकोच वाटतो, हे मान्य. पण या शर्यतीबद्दल ते आयुष्यभर बोलत आलेत, त्यात दुखावण्यासारखं काही नाही. उलट समोरच्या पोरीला क्लच कळतो, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

असे आणखी काही प्रश्न देतो. प्रत्येकामागचं गणित आधी समजून घेतलं तरच ते विचारावेत, पाठ करून नेले तर उत्तर डोक्यावरून जाईल.

मार्टिन्सव्हिल हा ०.५२६ मैलांचा छोटा, कागदाच्या क्लिपच्या आकाराचा ट्रॅक. पेटी तिथे १५ वेळा जिंकले. ५०० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोन कडक वळणं, म्हणजे हजार वेळा जोरात ब्रेक. ब्रेक लाल होतात, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल दाबलं की भसकन खाली जातं. द्रव दाबला जात नाही पण बुडबुडा दाबला जातो, म्हणून जोर चाकापर्यंत पोचतच नाही. तेव्हा प्रश्न असा: "शेवटच्या पन्नास फेऱ्यांसाठी ब्रेक कसे राखून ठेवायचात?"

दुसरा प्रश्न टाईट आणि लूजचा. डावीकडे वळताना पुढची चाकं घसरून गाडी सरळ भिंतीकडे जायला लागली तर ती टाईट. मागचा भाग निसटून गाडी स्वतःभोवती फिरायला बघते तेव्हा ती लूज. पिट स्टॉपला, म्हणजे शर्यतीच्या मध्येच गाडी टायर-इंधनासाठी थांबते तेव्हा, मेकॅनिक मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून काहीतरी फिरवताना टीव्हीवर दिसतो, तो हेच दुरुस्त करत असतो. मागच्या स्प्रिंगवरचा बोल्ट तो अर्धा किंवा एक आटा फिरवतो. डगमगत्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की त्या पायावर आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या पायावर भार वाढतो, उरलेल्या दोन पायांवरचा उतरतो. गाडीतही तसंच. मागच्या डाव्या स्प्रिंगवर दाब वाढवला की मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक जड होतं आणि गाडी टाईटकडे झुकते. उलट फिरवला की लूजकडे. यालाच वेज म्हणतात. मुलीला जेवणाच्या टेबलाखाली पुठ्ठा घालून दाखवा, आयुष्यात विसरणार नाही. मग विचारू दे: "तुम्हाला गाडी लूज आवडायची की टाईट, आणि लांब शर्यतीत सुरुवातीला वेगळी ठेवायचात का?" टायर झिजतात तशी गाडीची वागणूक बदलते, म्हणून प्रश्नाचा हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे.

टायरचा प्रश्न तर फक्त त्या पिढीलाच विचारता येतो. नॅस्कारमध्ये रेडियल टायर १९८९ पासून यायला लागले. त्याआधी तिरक्या थरांचे, म्हणजे बायस-प्लाय टायर होते, आणि एकाच बॅचमधले दोन टायरसुद्धा घेराने सारखे नसायचे. टीममधला माणूस प्रत्येक टायर हवा भरून फुगवायचा, फितीने घेर मोजायचा, खडूने आकडा लिहायचा आणि मोठे उजवीकडे, लहान डावीकडे लावायचा. उजवं चाक मोठं असलं की गाडी आपोआप डावीकडे वळू बघते. हा फरक म्हणजे स्टॅगर. तो जास्त झाला की गाडी लूज होते. हवा गरम होऊन दाब वाढला की घेरही बदलतो, म्हणजे सकाळी जुळवलेलं गणित दुपारी चुकतं. हे सगळं ज्यांच्या हाडात आहे ती माणसं आता एकेक करून चालली आहेत. पिअर्सन २०१८ ला गेले, ज्युनिअर जॉन्सन २०१९ ला, पेटींची इंजिनं बांधणारे त्यांचे धाकटे भाऊ मॉरिस २०२० ला, केल यारबरो २०२३ ला, बॉबी ॲलिसन २०२४ ला. पेटींचा जन्म २ जुलै १९३७ चा. म्हणून म्हणतो, फोटोवर समाधान मानू नका.

बापलेकाची गोष्ट मुलांना फार भावते, तीही विचारण्यासारखी आहे. पेटींचे वडील ली पेटी १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकलेले, आणि तो निकाल फोटो तपासून जाहीर करायला तीन दिवस लागले होते. मुलाला त्यांनी एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत शर्यतीत उतरू दिलं नाही. जुलै १९५८ मध्ये टोरोंटोत मुलाची नॅस्कारच्या मुख्य मालिकेतली पहिली शर्यत, आणि बाप मागून येऊन त्याला बाजूला ढकलून पुढे गेला. शर्यत बापानेच जिंकली. पुढच्या वर्षी अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर रिचर्ड पहिले आल्याचं जाहीर झालं, तर फेऱ्यांच्या मोजणीवर तक्रार कुणी केली? वडिलांनीच. तपासणी झाली आणि विजय वडिलांच्या नावावर गेला. "त्या दिवशी घरी जेवताना काय बोलणं झालं?" असं दहा वर्षांच्या मुलाने विचारलं तर कोण उत्तर देणार नाही?

एक विषय मात्र मुलांना आधीच समजावून सांगा आणि तो काढू नका असंही सांगा. पेटींचा नातू ॲडम मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात अपघात होऊन वारला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ली पेटी त्याच्या महिनाभर आधीच गेले होते. मुलं इंटरनेटवर हे वाचतात आणि निरागसपणे विचारून बसतात. त्याऐवजी घरी बोला. त्या काळात थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, दाबलेलाच अडकण्याची भीती होती, म्हणून स्टिअरिंगवर इंजिन बंद करण्याचं बटण आलं. २००१ मध्ये नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेल्यावर मान धरून ठेवणारं, हॅन्ससारखं उपकरण सक्तीचं झालं. २००२ पासून भिंतींना धक्का शोषणारं आवरण बसायला लागलं. ॲडमच्या नावाने पेटी कुटुंबाने रँडलमनजवळ आजारी मुलांसाठी व्हिक्टरी जंक्शन हा कॅम्प उभारला, तो २००४ पासून चालू आहे. जाताना तिथे काही देणगी दिलीत तर उत्तमच.

भेट कुठे होऊ शकते? लेव्हल क्रॉस या गावी पेटी म्युझियम आहे. जिथे कुटुंबाचं वर्कशॉप होतं त्याच आवारात, ग्रीन्सबरोच्या दक्षिणेला. शार्लट किंवा कॅरीहून साधारण दीड तास धरा. ते तिथे असतीलच असं नाही, म्हणून सह्यांचा जाहीर कार्यक्रम बघून जा. शर्यतीच्या वीकेंडलाही ते त्यांच्या जुन्या ४३ नंबरच्या गाडीच्या आसपास दिसतात. पण ट्रॅकवर इंजिनं चालू असताना संभाषण होत नाही, आणि गॅरेजमध्ये लहान मुलांना केव्हा सोडतात याचे नियम ट्रॅकगणिक वेगळे असतात, ते तिकीट काढण्याआधी विचारा. ट्रॅकवर नेलंतच तर कानाचं बघा. आवाज शंभर डेसिबलच्या पुष्कळ वर जातो. फोमचे बोळे बोटांत बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरायचा. अर्धवट घातलेला बोळा काहीच करत नाही. त्यावर इअरमफ.

त्या पिढीतल्या कित्येकांनी कान न झाकताच वर्षानुवर्षं गाड्या चालवल्या, त्यामुळे अशा माणसाला ऐकायला कमी येतं असं धरूनच चाला. मुलीला समोर उभी करा, बाजूला नको. हळू आणि स्पष्ट बोलायला सांगा, ओरडायला नको. ते काळा चष्मा काढत नाहीत, डोळे दिसत नाहीत, त्याने मुलं बिचकतात. घरी बाबांनी गॉगल आणि टोपी घालून एकदा सराव घ्यावा, याने खरंच फरक पडतो. दक्षिणेत मोठ्यांना "येस सर", "नो सर" म्हणायची पद्धत आहे आणि ती मनापासून पाळली जाते. "हाय रिचर्ड" नको, "मिस्टर पेटी" म्हणायचं. हात पुढे करायचा, पण ते करतील त्यानंतर, आणि जोरात दाबायचा नाही. आणि आईबाबा, मुलगी अडखळली तर तिचा प्रश्न तुम्ही पूर्ण करू नका. पाच सेकंद जाऊ द्या. ज्या माणसाने साठ वर्षं मुलांना सह्या दिल्यात त्याला थांबता येतं.

सहीचंही सांगतो, कारण तीही नीट घ्यायची गोष्ट आहे. पेटींची सही म्हणजे वळणदार, वेलांट्यांची, स्पष्ट वाचता येणारी. तरुणपणी बिझनेस कॉलेजात घोटलेलं ते अक्षर आहे. घाईने मारलेली रेघोटी ते देत नाहीत, म्हणून त्यांना जागा द्या. १:६४ प्रमाणाची छोटी खेळण्यातली गाडी जेमतेम सात-आठ सेंटिमीटरची, तिच्यावर ही सही मावत नाही. १:२४ ची, वीसेक सेंटिमीटरची गाडी न्या, नाहीतर टीमचं मोठं हिरो कार्ड, म्हणजे ड्रायव्हर आणि गाडीचा फोटो छापलेलं कार्ड. गाडी घरीच डब्यातून सोडवून ठेवा, रांगेत बांधपट्ट्या कापत बसू नका. टप किंवा बोनेट मऊ फडक्याने पुसा, बोटांचा तेलकटपणा राहिला तर शाई पसरते. त्यांच्या गाड्यांचा ठरलेला रंग, पेटी ब्ल्यू, हा फिका निळा आहे, त्यावर काळा परमनंट मार्कर उठून दिसतो. गडद रंगावर चंदेरी पेंट मार्कर लागतो. तो आधी हलवून, कागदावर टोक दाबून रंग उतरवून तयार ठेवा, नाहीतर पहिल्याच अक्षरावर थेंब पडतो. टीशर्ट असेल तर आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरा. चकचकीत कार्डावरची शाई लगेच वाळत नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली की पाकिटाला चिकटून येते, तेव्हा दहा मिनिटं उघडंच धरा. घरी खिडकीसमोर टांगू नका, उन्हात मार्कर फिका पडतो.

मुलीचं नाव घालून मागा. नाव असलेली सही विकायला अवघड जाते, त्यामुळे ही खरी चाहती आहे, दुकानदार नाही, हे देणाऱ्याला कळतं. फक्त आपली नावं त्यांना ऐकून लिहिता येत नाहीत. ज्ञानदा, ऋग्वेद, क्षितिजा, यांचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्या सुट्ट्या अक्षरांत पिवळ्या चिठ्ठीवर लिहून वस्तूला चिकटवा. वस्तू एकच न्या. चार वस्तू काढल्या की मागची रांग आणि पुढचा माणूस, दोघांचा धीर सुटतो आणि प्रश्न राहून जातो.

आणि हो, "गोल गोल फिरायचं" म्हणणाऱ्या काकांना शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये न्या. २०१० च्या पहिल्या पाच मानकऱ्यांत पेटी आहेत. तिथे ग्लोरी रोड नावाचा उतार आहे, सपाटीपासून ३३ अंशांपर्यंत वर चढत जाणारा, टॅलाडेगा या ट्रॅकच्या वळणाइतका. त्या ३३ अंशांच्या तिरप्या भिंतीशेजारी नुसतं उभं राहून बघा. मग मनात आणा की अशा वळणावर ताशी ३०० किलोमीटरने चाळीस गाड्या एकमेकींपासून हातभर अंतरावर असतात. आपल्या नारायण कार्तिकेयनने फॉर्म्युला वन चालवल्यानंतर २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उडी घेतली, पहिलीच शर्यत मार्टिन्सव्हिलला, आणि तो तेरावा आला. त्याच्यासारख्यालाही तिथे नव्याने शिकावं लागलं.

भेट झाली की गाडीत बसल्याबरोबर, फोन हातात द्यायच्या आधी, मुलीला वही द्या. तारीख, तिचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर, जसं ऐकलं तसं, इंग्रजीतच, त्यांच्या शब्दांत. हात कसे हलवले तेही लिहायचं. अर्ध्या तासाने अर्धं विसरतं. पेटी नाहीच भेटले तर म्युझियममधल्या जुन्या गाड्यांच्या खिडक्यांकडे बघा. मे १९७० मध्ये डार्लिंग्टनला पेटींची गाडी भिंतीवर आदळून उलटत गेली, तेव्हा त्यांचा हात आणि डोकं खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिलं. त्यानंतरच ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी सक्तीची झाली. कुठल्या गाडीला जाळी आहे आणि कुठल्या नाही एवढं वहीत टिपलं, की पुढच्या खेपेचा प्रश्न तयार.